वीस सेकंदांचा श्वास

ताता क्रिस्पुलो चुवे यांच्या गळ्याचं ऑपरेशन सांताक्रूसच्या इस्पितळात झालं आणि त्यांचा आवाज गेला. जीव वाचला हेच नशीब समजा, असं डॉक्टर म्हणाले. ताता, वडीलधाऱ्यांना आम्ही असंच म्हणतो, गावी परतले, शाळेतून एक जुनी पाटी मागून घेतली आणि तिच्यावर पहिलं वाक्य लिहिलं, "प्रवचन आता कोण गाणार?"

गुड फ्रायडेचं प्रवचन आमच्याकडे पाद्रीबाबा करत नाहीत. ते काबिल्दोचं, म्हणजे गावच्या वडीलधाऱ्या पंचांचं काम. त्यांच्यातही ज्याच्या गळ्यात ते उतरलंय त्या एकाचं. त्या दिवशी घंटा वाजत नाही, ऑर्गन मुका असतो, वेदी उघडी असते. दुपारी तीनला लाकडी खटखटा फिरतो आणि मागच्या माळ्यावरून तो एक आवाज सुरू होतो, आमच्या चिकितानो, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या, बोलीत, जैतुनाच्या बागेपासून थेट थडग्यापर्यंत. बोलता बोलता गाणं होतं, गाता गाता बोलणं. मी पाच वर्षांची असल्यापासून ऐकतेय. पेत्र तिसऱ्यांदा 'मी नाही ओळखत त्याला' म्हणतो तिथे मी अजून कान टवकारते. तो काय म्हणणार ते ठाऊक असतं, तरी दर वर्षी वाटतं, या खेपेला म्हणणार नाही.

हे प्रवचन कागदावरून कुणी शिकत नाही. देणाऱ्याने गायचं, घेणाऱ्याने ऐकायचं, पुन्हा पुन्हा, वर्ष वर्ष. घेणारा ठरला होता: तातांचा पुतण्या अनाक्लेतो, चाळिशीचा सुतार, गळा चांगला, स्वरलिपीचं एक अक्षर येत नाही. आणि देणाऱ्याच्या गळ्यात भोक.

मी, एर्मेलिंदा पुतारे, देवळाच्या संगीतशाळेत व्हायोलिन शिकवते. शाळेत कुणीतरी दान दिलेला एक म्हातारा कंप्युटर आहे आणि त्याच्यावर 'कालांद्रिया' नावाचं सॉफ्टवेअर. त्यात स्वर लिहिले की ते गाऊन दाखवतं, गेंगाण्या बासरीसारख्या आवाजात. तातांना स्वरलिपी येते, जुन्या वह्या नकलून काढण्यात त्यांची जवानी गेली. मी म्हटलं, "ताता, तुम्ही कागदावर लिहा. मी यात भरते. हा गाईल, अनाक्लेतो ऐकेल, तुम्ही चूक दाखवा." तातांनी कंप्युटरकडे पाहिलं, मग पाटीवर लिहिलं, "याचा बाप्तिस्मा झालाय का?"

पण बसले. ऑगस्टपासून रोज सकाळी. मरियाच्या हंबरड्यापर्यंत येता येता डिसेंबर उजाडला, एक्केचाळीस पानं झाली.

तो हंबरडा म्हणजे आमच्या प्रवचनाचा कळस. लेकाला क्रुसावरून उतरवून आईच्या मांडीवर ठेवतात, आणि ती एवढंच म्हणते, "लेकरा." त्यातलं शेवटचं अक्षर लांबतं, लांबत जातं, देवळातली माणसं आपापला श्वास धरून बसतात, आणि तरी ते संपत नाही. ताता क्रिस्पुलोंचा श्वास ऐकायला शेजारच्या तीन गावांतून लोक बैलगाड्या जोडून यायचे. तातांनी कागदावर तो स्वर चौतीस सेकंदांचा लिहिला होता.

कालांद्रियाने वीस सेकंद गायला आणि तोडला. चौदा सेकंद चिडीचूप. मग पुढचं वाक्य, जसं काही झालंच नाही.

अनाक्लेतोने इमानदारीने तसंच म्हणून दाखवलं. तातांनी टेबलावर थाप मारली.

"मशीनच तसं गातंय, ताता! मी काय करू?" तो म्हणाला.

तातांनी खडू घेतला आणि पाटीवर एक आडवी रेघ ओढली. ती पाटीच्या कडेला थांबली नाही. लाकडी चौकटीवरून टेबलावर उतरली, टेबल संपेपर्यंत गेली. मग त्यांनी आमच्या दोघांकडे पाहिलं. त्यांचा आवाज असता तर त्या रेघेची गरज नव्हती, हे त्यांच्या डोळ्यांत इतकं स्वच्छ दिसत होतं की मी खाली बघितलं.

मला वाटलं माझीच चूक. तीनदा पुसून भरलं. छापलं तर कागदावर स्वर पुरता चौतीस. गाताना मात्र वीस.

"कंपनीला फोन करा की, मास्तरीणबाई," अनाक्लेतो म्हणाला.

"कंपनी नाही रे. हे लोकांनी मिळून केलंय. कुणीही घ्या, कुणीही सुधारा."

"मग त्या लोकांना फोन करा."

"ते जगभर पसरलेत."

"आमच्यात खुर्ची मोडली तर ज्याने केली त्याच्या दारात नेऊन आपटतात."

"या खुर्चीचा एक पाय एकाने केलाय, दुसरा दुसऱ्याने, आणि बैठक कुणी केली ते कुणालाच आठवत नाही."

"मग बसता कशाला हो तिच्यावर?"

मी कॅलेंडर उलटलं. गुड फ्रायडे एप्रिलात होता. देणारा पंच्याहत्तरीचा, आणि डॉक्टरांनी त्याला पुढच्या तपासणीची तारीख देताना मान जरा दुसरीकडे वळवली होती.

सॉफ्टवेअरच्या पहिल्या पानावर एक पत्ता होता. तिथे मी लांबलचक पत्र लिहिलं, तातांच्या गळ्यापासून सगळं. दुसऱ्या दिवशी पत्र परत: या पत्त्यावर कुणी नाही. मग इंटरनेटवर हे वापरणाऱ्यांचा एक गप्पांचा फळा सापडला. तिथे 'आर्मादिल्यो९' नावाच्या कुणीतरी सांगितलं, "बाई, चुकीच्या दारात आलात. बगची, म्हणजे दोषांची, तक्रारवही वेगळी असते. आणि तिथे इंग्रजीत लिहावं लागतं, नाहीतर कुणी वाचत नाही."

पवित्र आत्म्याने प्रेषितांना एका सकाळीत सगळ्या भाषा दिल्या होत्या. मला चार ओळी द्यायला त्याने तीन दिवस घेतले. शब्दकोश मांडीवर, चीजच्या पावाचे, कुन्यापेचे, तुकडे तोंडात, मी लिहिलं आणि पाठवलं. चार मिनिटांत उत्तर! मी "अनाक्लेतो!" म्हणून अशी ओरडले की तो रंधा हातात घेऊनच धावत आला. उत्तर यंत्राचं होतं. तक्रारीबद्दल आभार, किमान नमुना जोडा.

किमान नमुना म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, म्हणून मी सगळी एक्केचाळीस पानं जोडली. आठ दिवसांनी खऱ्या माणसाचं उत्तर आलं, कोरडं पण उद्धट नाही. हे फार मोठं आहे. यातलं एकेक काढत जा. दोष गेला तर शेवटचं काढलेलं परत ठेवा. जिथे आणखी काही काढता येत नाही आणि दोष तरी उरतो, तेवढंच पाठवा.

मी तातांना ते वाचून दाखवलं. त्यांनी पाटी इतक्या जोरात पुसली की खडूची धूळ उडाली. "कोणाला काढणार? पिलाताला?"

"नक्कल करून घेतलीय, ताता. मूळ तसंच आहे."

"आधी यहूदाला काढ."

यहूदाला काढला. दोष तसाच. जैतुनाची बाग काढली, झोपलेले शिष्य काढले. पेत्राला काढताना माझा हात थबकला, अनाक्लेतो म्हणाला, "बरं झालं, आता तरी त्याला नाकारावं लागणार नाही." कोंबडा गेला. महायाजक हन्ना गेला, कयफा गेला, पिलात हात धुऊन गेला. सायमन कुरेनेकराला काढताना तातांनी मला थांबवलं, डोळे मिटले, आणि मग बोटाने खूण केली, काढ. क्रूस काढला. दोन्ही चोर काढले. प्रत्येक वेळी मी ते गेंगाणं गाणं लावायची आणि प्रत्येक वेळी ते वीस सेकंदांवर तुटायचं. दुपारपर्यंत प्रवचनात उरलं ते एकच अक्षर, त्या आईच्या तोंडातलं.

एवढी वर्षं मी ते प्रवचन ऐकलं, पण त्याच्या तळाशी काय आहे ते त्या दिवशी दिसलं. पडद्यावर पाच रेघा, त्यांच्यावर एक पांढरा गोल आणि त्याच्यापुढे रिकामं पान. 

तो गोल मी पाठवला. उत्तर आलं: उत्तम नमुना, धन्यवाद. पण दोष आमचा नाही. आम्ही फक्त लिहितो. आवाज काढणारा भाग 'फुएये' नावाचा आहे, तो दुसऱ्यांचा. तिकडे सांगा. फुएये म्हणजे भाता. भात्याच्या तक्रारवहीत गेले. तिथे यंत्राचं उत्तर: तुमच्याकडची आवृत्ती फार जुनी आहे, ज्यांनी हे सगळं गाठोडं बांधून तुमच्या कंप्युटरपर्यंत पोचवलं त्यांना विचारा. गाठोडं बांधणारे म्हणाले, आम्ही फक्त बांधतो, आत काय आहे त्याला हात लावत नाही. मूळ लोकांकडे जा. कुठले मूळ? कालांद्रिया. आणि कालांद्रियावाल्यांनी माझी जुनी तक्रार दाखवली, तिच्यावर शिक्का होता: आमचा दोष नाही.

तातांनी पाटीवर लिहिलं, "हन्नाकडून कयफाकडे. कयफाकडून पिलाताकडे. पिलाताकडून हेरोदाकडे. हेरोदाकडून परत पिलाताकडे." आणि खाली, "त्याला एका रात्रीत फिरवलं. तुला किती महिने?"

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही आलं. कुणी वाईट नव्हतं हो. सगळे आपापल्या पोटापाण्याचं काम सांभाळून, फुकट, दुसऱ्यांसाठी हे करत होते. प्रत्येकाने आभार मानले होते. पण तो एक माणूस, ज्याच्या हाताखाली ते अक्षर तुटत होतं, तो कुठल्या देशात, कुठल्या खिडकीशी बसलाय ते कळत नव्हतं. जपमाळ ओढताना मी त्याच्यासाठी एक मणी ठेवू लागले. नाव माहीत नसलेल्या माणसासाठी प्रार्थना करायला जीभ अडखळते, पण सवय होते.

फेब्रुवारीत पावसाने टेकडीवरचा मनोरा आडवा केला. पाच आठवडे इंटरनेट नाही. ते आलं तेव्हा भात्याच्या तक्रारवहीत माझ्या तक्रारीखाली यंत्राची नोंद होती: तीस दिवस कुणी काही बोललं नाही, म्हणून ही तक्रार आपोआप बंद करण्यात येत आहे.

तिकडे अनाक्लेतो रोज सकाळी तळ्यात बुडी मारून श्वास वाढवत होता. त्याची बायको काठावर बसून मोजायची. "तेवीस!" ती ओरडायची. "बेडूक तरी व्हाल नाहीतर विधवा तरी करून सोडाल!" पाण्याखाली तेवीस, गाताना वीस. त्याच्या वर जाईना.

"ताता, तुम्ही चौतीस कसे हो काढायचे?" तो धापा टाकत विचारायचा. ताता खिडकीबाहेर बघायचे.

शेवटी मी परत त्या आर्मादिल्योकडे गेले. लिहिलं, दार सापडत नाही. त्याने विचारलं, "तुम्ही दार का शोधताय? माणूस शोधा. या सॉफ्टवेअरची प्रत्येक ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली, सगळं उघडं असतं. जिथे स्वर थांबतो ती ओळ शोधा आणि तिच्याशेजारी नाव वाचा." मला त्या ओळी वाचता येत नव्हत्या, पण एक आकडा ओळखता येत होता. दोन दिवस मी भात्याच्या पोटात 'वीस' शोधत फिरले. एकशे बारा वीस सापडले. त्यातल्या एकाच्या शेजारी एक टीप होती, इंग्रजीत: याहून लांब श्वास कुणाला नसतो. आणि नाव: बी. ई. अकरा वर्षांपूर्वीची ओळ.

बी. ई.च्या पत्त्यावर मी लिहिलं, "प्रिय महोदय, आमची आई पूर्ण होत नाही."

तीन दिवसांनी उत्तर आलं, "प्रिय महोदया, क्षमा करा, ही आई कुठल्या मेनूत आहे?"

असा आमचा पत्रव्यवहार सुरू झाला. दोन आठवडे. तो विचारायचा, मी शब्दकोश उघडायची. मी सांगायची, त्याचं उत्तर दोन दिवसांनी यायचं, इतकं सभ्य आणि इतकं ताठ की त्याच्या कॉलरची इस्त्री दिसावी. पण तो पाठ फिरवत नव्हता. रोज सकाळी मी शाळा उघडली की आधी तिकडे बघायची. एका संध्याकाळी त्याने दोष त्याच्याकडेही दिसतोय हे दाखवायला आपल्या पडद्याचं चित्र पाठवलं. मी ते मोठं करून बघितलं. वरच्या पट्टीवर 'जतन करा', 'छापा', 'बाहेर पडा'. सगळं कास्तेयानोत, म्हणजे स्पॅनिशमध्ये. आपल्या रोजच्या बाजारातल्या भाषेत.

मी लिहिलं, "महाराज, तुम्हाला कास्तेयानो येतं?"

या वेळी दहा मिनिटांत उत्तर आलं. "अहो बाई! मी ताकुआरेंबोजवळचा, उरुग्वेचा! पंधरा दिवस भाचीला फोन करकरून तुमचं इंग्रजी समजून घेतोय! ती म्हणाली, मामा, या बाई बहुधा नॉर्वेच्या."

अनाक्लेतो इतका हसला की त्याला बाकावर आडवं व्हावं लागलं. तातांचे खांदे हलत होते. हसताना त्यांच्या गळ्यातल्या भोकातून फक्त वारा येतो.

बाल्तासार एचेवेरी. अकॉर्डियन दुरुस्त करायचे, आता डोळे साथ देत नाहीत, भाता तेवढा सांभाळतात, तोही एकटेच. बाकीचे केव्हाच सोडून गेले. आपल्या भाषेत त्यांनी सगळं मोकळेपणानं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या देवळात हेच सॉफ्टवेअर भजनांना साथ द्यायचं. बिशप आशीर्वाद द्यायला उभे राहिले आणि एक स्वर अडकला. थांबेचना. लोक कान धरून बसले, बिशप हात वर करून उभे, शेवटी बाल्तासारभाऊंनी भिंतीतली तारच उपटली. त्या रात्री त्यांनी ती ओळ लिहिली: कुठलाही स्वर वीस सेकंदांपुढे जाणार नाही.

"म्हणून विचारतो, एर्मेलिंदाबाई," त्यांनी लिहिलं, "चौतीस सेकंद खरंच कुणी एक माणूस गातो का? तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलंय का? त्याच्यावर ठरेल, हा दोष आहे की नाही. मी मनुष्याच्या श्वासाप्रमाणे मर्यादा घातली होती. तुमच्या बुजुर्गांना माझा नमस्कार सांगा आणि विचारा."

मी पत्र तातांपुढे मोठ्याने वाचलं. वाचताना वाटत होतं, आता ताता पाटीवर अभिमानाने 'हो' लिहितील.

त्यांनी खडू उचलला आणि खाली ठेवला. परत उचलला. काहीतरी लिहिलं, तळहाताने पुसलं. अनाक्लेतो बाहेर निघाला होता, त्याला त्यांनी बोटाने बसवलं. मग लिहिलं, "फिदेल."

"फिदेलकाका?" मी म्हटलं. "ते तर मेणबत्ती धरायचे."

फिदेल सोकोरे म्हणजे तातांचे मित्र. चार वर्षांपूर्वी वारले. गुड फ्रायडेला माळ्यावर तातांच्या मागे मेणबत्ती घेऊन उभे राहायचे, बस्स. गावात त्यांना सगळे 'फिदेल मेणबत्ती'च म्हणायचे, थोडं हसून.

तातांनी लिहिलं, पुसलं, लिहिलं. आम्ही वाचत गेलो.

"मेणबत्ती डाव्या हातात, लांब. जवळ धरली तर त्याच्या आवाजाने विझली असती."

"उजवा हात माझ्या पाठीवर. बरगड्या आत जायला लागल्या की तो माझा स्वर घ्यायचा. मी सोडायच्या आधी."

"कुणाला कळू नये. कळलं तर तो आईचा आवाज राहत नाही. दोन पुरुषांचा होतो."

अनाक्लेतोने पाटी जवळ ओढून पुन्हा वाचली. मग म्हणाला, "ताता, मी गेले दोन महिने तळ्यात मरतोय."

"बघत होतो. बोलायचा धीर नव्हता," तातांनी लिहिलं.

मला आठवलं, अलीकडची तीन वर्षं, आवाज जायच्या आधी, त्या जागी आल्यावर ताता मान खाली घालून मध्येच थांबायचे. अख्खं देऊळ हुंदके द्यायचं. लोक म्हणायचे, काय भक्ती, ताताही रडले. मी ते विचारलं नाही, पण त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं.

"रडत नव्हतो. श्वास संपला होता," त्यांनी लिहिलं. जरा वेळाने खाली जोडलं, "आणि मागे कुणी नव्हतं."

त्यानंतर त्यांनी आम्हा दोघांना ते एक अक्षर म्हणायला लावलं. आधी अनाक्लेतोला. मग मला. मला वाटलं, नुसती तुलना म्हणून. माझा आवाज बाईच्या मानाने खालचा, मुलींच्या गायनात मला कायम शेवटच्या रांगेत ठेवायचे. अनाक्लेतोचा पुरुषाच्या मानाने वरचा. ताता डोळे मिटून ऐकत होते. पुन्हा म्हणायची खूण केली. पुन्हा. मग त्यांचं बोट माझ्याकडे वळलं.

"ताता," मी म्हटलं, "काबिल्दोत बाई? प्रवचनाला? मला गावाबाहेर काढतील."

"काबिल्दोला मेणबत्ती धरणारी दिसेल," तातांनी लिहिलं. "मेणबत्ती बायका धरतात."

चाळीस वर्षं मी त्या प्रवचनाच्या मागे मागे मनातल्या मनात गात आलेय. ओठही हलू दिले नाहीत. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, पाद्रीबाबांनाही नाही, कारण ते पाप आहे की नाही तेच कळत नव्हतं. तातांनी ते कसं ऐकलं असेल?

बाल्तासारभाऊंना मी खरं काय ते लिहिलं: एक माणूस नाही, दोन. त्यांचं उत्तर आलं, "मग दोष माझाच. श्वास किती लांब एवढंच मी मोजलं, माणसं किती ते मोजलंच नाही. मर्यादा काढून टाकतो. तक्रार पुन्हा उघडून ठेवतो. तुम्ही स्वतः ऐकाल तेव्हा तुमच्या हाताने बंद करा." पण बदल भात्यातून कालांद्रियात, तिथून गाठोड्यात, गाठोड्यातून आमच्यापर्यंत यायला सप्टेंबर उजाडणार होता. तोवर थांबू नये म्हणून त्यांनी थेट एक फाइल बनवून पाठवली. आमचा कंप्युटर इतका जुना की त्याने ती उघडलीच नाही. "तेवढं जुनं मशीन आता माझ्या तालुक्यात कुणाकडे नाही," त्यांनी लिहिलं. "भंगारवाल्यांकडे विचारतोय." आणि खाली, एका वेगळ्या ओळीत: "आमच्या देवळात आता गाणारे उरले नाहीत. तुमचं ते अक्षर एकदा कानावर पडावं असं फार वाटतं." मी तातांना विचारलं, ध्वनिमुद्रण करून पाठवू का. त्यांनी नकाराची मान हलवली. मुद्रण पुन्हा पुन्हा लावता येतं, आणि पुन्हा पुन्हा लावलं की दोन आवाजांचा जोड सापडतो. मी लिहिलं, "भाऊ, यावं लागेल." ते म्हणाले, "बसने तीन दिवस. गुडघे बघून सांगतो."

मशीनवर कापड टाकलं आणि उरलेले अठरा दिवस आम्ही तातांच्या अंगणात उभे राहून काढले. ते अनाक्लेतोच्या पाठीवर माझा हात ठेवायचे, माझ्या हातावर स्वतःचा. बरगड्या कधी आत जायला लागतात ते कानाला कळत नाही, तळव्याला कळतं. पहिले दहा दिवस मी उशिरा शिरत होते आणि तातांची थाप पाटीवर पडत होती. मग एक दिवस पडली नाही.

गुड फ्रायडेला माळ्यावर आम्ही तिघं. खाली देऊळ गच्च, सगळ्यांच्या पाठी आमच्याकडे. त्या दिवशी मागे वळून बघायचं नसतं. खटखटा फिरला. अनाक्लेतोने सुरुवात केली. पेत्राने नाकारलं, तिसऱ्यांदाही, आणि मी मेणबत्ती सरळ धरून ठेवली. पिलाताने हात धुतले. सायमनने क्रूस उचलला. ताता कोपऱ्यातल्या स्टुलावर, आमच्याकडे तोंड करून बसले होते.

आईच्या मांडीवर लेक आला.

"लेकरा," अनाक्लेतो म्हणाला, आणि ते अक्षर निघालं. मी डावा हात लांब केला, उजवा त्याच्या पाठीवर. घामाने सदरा ओला होता. बरगड्या भरलेल्या, अजून भरलेल्या, मग हळूहळू पाण्यातल्या होडीसारख्या खाली. मी तोंड उघडलं. माझा आवाज त्याच्या आवाजाखालून शिरला, आणि क्षणभर मला स्वतःलाच कळेना त्यातला माझा कुठला. मग तळव्याखालची पाठ थांबली, आणि ते अक्षर चालूच होतं.

त्या वेळी मी तातांकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडं होतं. पुरतं उघडं, गाणाऱ्याचं असतं तसं, हनुवटी वर, मान ताणलेली, आणि त्यातून काहीच येत नव्हतं, गळ्यापाशी फक्त पट्टी हलत होती. त्यांचा उजवा हात मागे गेला होता, स्वतःच्याच पाठीकडे, जिथे कुणी उभं नव्हतं.

माझ्या छातीत अजून थोडा श्वास होता. मी तो सगळा त्या अक्षरात घातला.